दुहेरी जोडणी

सोमवार, ४ तारीख
नवी नोकरी! खिडकीजवळची जागा, फिरती खुर्ची, हवी तितकी कॉफी. काम असं की, स्क्रीनवर माहिती भरायच्या जुन्या चौकटींना नव्या कॉम्पोनंटचं, म्हणजे तयार सुट्या भागाचं, वेष्टन चढवायचं. अडचण एकच: बाहेर लिहिलेलं आत पोचतं, पण आतलं बदललं तर बाहेर दिसत नाही. जोडणी दुहेरी हवी.

शेजारी टीमलीड बसते. सगळे तिला राणीसाहेब म्हणतात. काय ते केस, काय तो आवाज! साहेब तर तिच्याच तोंडाकडे बघत असतात. घरी ना नवरा ना मूल, मग नाव होणारच की! मला पाच वाजले की लेकीला आणायला पाळणाघर गाठायचं असतं. पोटात दुखतं माझ्या, कबूल.

गुरुवार, ७
जमलं! तपासायला खोटी माहिती वापरा, असं साहेबांनी बजावलं होतं. पण ती भरत कोण बसणार? सरळ माझी आणि राणीसाहेबांची कंपनीतली खरी नोंद घेतली आणि एकमेकींना जोडली. तिचं पद टुणकन माझ्या चौकटीत आलं. हसूच आलं मला. जोडणी उद्या सोडवीन.

शुक्रवार, ८
अगं बाई! मीटिंगमध्ये साहेब मलाही टीमलीड म्हणाले, जसं काही पहिल्यापासूनच. आरशात पाहिलं तर केस तिच्यासारखे. बरी जिरली तिची! आता कशाला सोडवू?

मंगळवार, १२
पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, लेकीला तिची आई मघाशीच घेऊन गेली. धावत घरी आले. राणीसाहेब माझ्या स्वयंपाकघरात, लेक तिच्या कडेवर. लेक दोघींनाही आई म्हणते. नवऱ्यानं दोघींपुढे चहा ठेवला. त्याला काही वावगं वाटेना. माझंही तिच्याकडे जातंय, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? दुहेरी मीच केली ना!

बुधवार, सकाळ
रात्री लेक तिच्याच कुशीत झोपली. माझ्या नाही. जोडणी सोडवली तरी ही बया उरणारच. त्यापेक्षा तिचं नावच पुसते. लॅपटॉप उघडलाय—

पुसलं पहिलं अक्षर. माझ्या चौकटीतलंही—

हात दाखवून अवलक्षण— थांबत नाही— आपोआप पुसत चाललंय— ती तिकडे ओट्याशी होती, आता नाही—

लेकीला हाक मारली. तिनं वर पाहिलं. विचारते, कोण तुम्ही— अगं बाळा, मी तुझी आ