सहा पावलांचं रिंगण

३ डिसेंबर
कलबुर्गीत आले एकदाची! रत्नम्मांच्या गच्चीवरची खोली मिळाली. एक दार, एक गजांची खिडकी, दिवसभर ऊन. आल्या आल्या त्यांनी गरम भाकरी आणि दही वाढलं. अट एकच, घरात लसूण आणायचा नाही. तीन वर्षांची अंजू संतपूरला आयजवळ आहे. शिफ बेस या सेंद्रिय रसायनाला टेल्युरियम हे मूलद्रव्य जोडून जंतू मारणारी चार संयुगं करायची, पीएच.डी. उरकायची आणि लेकीला इकडे आणायचं.

११ डिसेंबर
शिफ बेसचे स्फटिक पिवळेधमक आले. टेल्युरियम जोडताना मात्र धूर ओढणारा पंखाच बंद. माझे मार्गदर्शक संगमेश्वर सर म्हणाले, खिडकी उघडा. त्यांचं काय जातंय, ते एसीत बसतात.

१९ डिसेंबर
जंतू वाढवलेल्या प्लेटमध्ये औषधात बुडवलेली कागदी चकती ठेवायची; औषध लागू पडलं की तिच्याभोवतीचे जंतू मरून स्वच्छ रिंगण उरतं. माझ्या बाराही प्लेटांत जंतू चकतीवरच चढून बसलेत. तिसऱ्यांदा! डोकं फिरलंय. त्यात माझ्या श्वासाला लसणाचा वास सुटलाय. टेल्युरियम अंगात गेलं की सुटतोच, पण रत्नम्मांना पटत नाही. 'तुमच्या लोकांचं' एवढं म्हणाल्या आणि पुढचं गिळलं. मला ते गिळता आलं नाही.

२६ डिसेंबर
खाली चार दिवस दही लागेना, डोशाचं पीठ फुगेना. रत्नम्मा म्हणाल्या, तू सैपाकघरात आलीस की विरजण मरायलंय. आज प्लेट पाहिली. चकतीवर जंतूंची साय, आणि मी वाकून श्वास सोडला होता तिथे स्वच्छ रिंगण. सर म्हणाले, प्लेट बिघडली, पुन्हा करा.

३० डिसेंबर
खाटेभोवती मुंग्या मरून पडल्यात, गोल. मोजलं. दोन पावलं.

२ जानेवारी
आज पाल मेलेली. चार पावलं. आधी बारीक जीव, मग त्याहून मोठा. सर म्हणतात, सुट्टी घ्या. आयला फोन केला, अंजूला आणू नकोस. ती चिडली — लेकराला नको म्हणतीस व्हय, कामून?

४ जानेवारी
खिडकीत पारवा. सहा पावलं. कडी लावून बसलेय.

५ जानेवारी
आय न विचारता आलीय — जिन्यावर अंजूचे पैंजण — खाली जा म्हणून ओरडले, आय ऐकेना — मी मागच्या भिंतीला चिकटलेय, इथून दार पाच पावलं, आणखी मागे सरायला जागाच नाही — अंजू दाराला थापा मारतेय, 'आई, आई' करतेय —

थापा थांबल्या. आय बाहेरून सांगतेय, हाका मारून मारून झोपलं बघ लेकरू, उघड की —

अंजू, मी