कमी वीज खाणारा टीव्ही

३ नोव्हेंबर, शुक्रवार

घेतलाच! दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी होते. माप तेच, चित्र तेच — पण एकाच्या रंगीत पट्टीवर विजेचा खप निम्मा आणि किंमत दोनशे साठ युरो जास्त. ओटमारने उभ्या उभ्या हिशेब मांडला. जन्मभर कारखान्यात मापं घेतलेला नवरा, दुसरं काय करणार.

"गेर्लिंडे, हे जास्तीचे पैसे वसूल व्हायला आठ वर्षं लागतील. तेव्हा मी ब्याऐंशीचा असेन."

"मग जग की तेवढं. कुठे जायची घाई आहे?"

विक्रेतीने हसू दाबलं. मी पर्स उघडली. बायकोने स्वतःहून महागातली वस्तू उचलली, हे ओटमारच्या अजून पचनी पडलेलं नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

जुन्या टीव्हीच्या पाठीला हात लावला तर चटका बसायचा. म्हणजे इतकी वर्षं आम्ही वीज जाळून भिंत तापवत होतो. हा अगदी गार! ग्रंथालयात पुस्तकांसारखं वीज मोजायचं यंत्रही उसनं मिळतं, ते आणून सॉकेटला लावलंय. त्यावरचा आकडा बघून माझाच विश्वास बसेना. दोनदा काढून लावलं.

शिवाय ह्यात बचतीची एक सोय आहे — खोलीतला उजेड कमी झाला की टीव्हीचा पडदाही मंद होतो. ती मी चालू केली. एकटीने, पुस्तिका वाचून. ओटमारला हातही लावू दिला नाही.

संध्याकाळी फुटबॉल लावला. लगेच ओटमारचं सुरू — "सगळं अंधारलेलं दिसतंय. गोलकीपर कुठे उभा आहे तेच कळत नाही."

म्हटलं, होईल सवय. चाळीस वर्षं झगझगाट बघितलास, आता जरा माणसासारखं बघ. तो पुटपुटत राहिला. पुटपुटू दे!

८ नोव्हेंबर

पुन्हा "अंधार आहे". मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आठवडा झाला, एक अवाक्षर नाही!

बाहेरच्या माणसाला ह्यातली मजा कळायची नाही. आम्ही दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनची माणसं — आमच्यात नावं ठेवायचं थांबलं की तीच शाबासकी. सासूबाई माझ्या मसुराच्या आमटीला कधी चांगली म्हणाल्या नाहीत. एका रविवारी नुसत्या गप्प बसून दोनदा वाढून घेतलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडले होते. ओटमार त्यांचाच मुलगा. लग्नाच्या दिवशी त्याने माझ्या झग्याबद्दल काही म्हटलं नाही, त्यावरून मी काय ते ओळखलं. तेव्हा टीव्हीबद्दल हे मौन म्हणजे पदकच म्हणायचं. मी मिरवणार!

आणि आज तर साहेबांनी खुर्ची ओढून पार टीव्हीच्या पुढ्यात नेऊन ठेवली. एवढा आवडलाय. पण तोंडाने कबूल करेल तर शपथ.

२६ नोव्हेंबर, रविवार

सामना बघता बघता मलाच विचारतो, "गोल कोणी केला?" अरे, समोर तू बसलायस, मी तर विणतेय! डुलकी लागली असणार. पांघरूण उबदार होतं. मी नाव सांगितलं, तेव्हा हं म्हणाला.

वर्तमानपत्रातलं कोडंही हल्ली माझ्याकडे सरकवतो. म्हणतो, कंटाळा आला. टीव्हीपुढे सगळं फिकं पडलं म्हणायचं.

६ डिसेंबर, बुधवार

आज मन भरून आलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

वरच्या मजल्यावरची त्राउडल कॉफीला आली. तिने गेल्या महिन्यात भिंतीएवढा टीव्ही घेतलाय, स्वस्तातला, आणि जिना झाडताना दर वेळी मला ऐकवते. आज ऐकवायची पाळी माझी होती. किंमत सांगितली, तशी म्हणाली, "दोनशे साठ जास्त दिलेस? उन्हाळ्यात तुला चक्कर आली होती, ती पूर्ण उतरली नाही वाटतं."

तिला हाताला धरून सॉकेटपाशी नेलं आणि यंत्र दाखवलं. वाकून बघितलंन, चष्मा पुसून पुन्हा बघितलंन. मग म्हणाली, "आमचा ह्याच्या तिप्पट खात असेल."

"असेल बाई."

तिला राहवेना. ओटमारकडे वळली. "तू सांग रे. ही काय, स्वतःचीच वस्तू, वाखाणणारच. तुला कसा वाटतो?"

ओटमारने कप खाली ठेवला. म्हणाला, "माझी काही तक्रार नाही."

ह्याहून मोठं कौतुक आमच्या भाषेत नाही! आणि तेही चारचौघात. हे बोलताना तो त्राउडलच्या तोंडाकडे नाही, कानाकडे बघत होता. लाजला असणार. ह्या वयात बायकोची बाजू घ्यायची म्हणजे लाज वाटणारच. मी मुद्दाम केकचा दुसरा तुकडा त्याच्याच बशीत वाढला. पैसे वसूल. आठ वर्षं कशाला, एका महिन्यात वसूल.

१० डिसेंबर, रविवार

लेक सिल्के उल्महून आली. रिमोट घेऊन काहीतरी शोधत होती, म्हणाली, "आई, बचतीची सोय तर बंदच आहे. उजेडही अगदी शेवटच्या टोकापर्यंत वाढवलेला."

मी ओटमारकडे बघितलं.

"मीच केलं," तो म्हणाला. "आणल्यावर आठवड्याभरात. तू इतकी खुशीत होतीस, म्हणून बोललो नाही."

म्हणजे पूर्ण उजेडावरसुद्धा आकडा इतका कमी! माझ्या मनात पहिला विचार हाच आला.

मग विचारलं, "आता तरी नीट दिसतं ना?"

"नाही. मधोमध काळं असतं," ओटमार म्हणाला. "तुझ्याकडे बघतानाही."