साडेतीन मिनिटं

१० फेब्रुवारी २००७, शनिवार

पुन्हा तेच. नाच संपला, संपतरावांची हातोडी थांबली, मी नमस्काराला उभी — आणि मागच्या पडद्यावर ऋतिकाची चित्रफीत अजून चालूच. चोवीस मिनिटांचा प्रयोग साडेवीस मिनिटांत आटोपला. उरलेली साडेतीन मिनिटं मी घामेजून उभी, आणि मागे तांबं वितळतंय. प्रेक्षकांना वाटलं हे मुद्दाम असणार. एक काकू भेटून म्हणाल्या, "शेवटची ती स्तब्धता फार आवडली हो." आभार मानले. दुसरं काय करणार?

ऋतिका मात्र चिडली. "ताई, पाच महिने लागलेत मला ते करायला. संपायच्या आत तुम्ही घरी निघता!" तिचं काही चुकलं नाही.

गुडघा सुजलाय. बर्फ लावला.

११ फेब्रुवारी

एका गृहस्थांचा फोन. "परात ना? मुंजीचं जेवण कराल का, दोनशे पानं?" कंपनीचं नाव मीच ठेवलंय, त्यामुळे कोणाला दोष देण्याची सोय नाही. म्हटलं, आम्ही नाचतो. तर म्हणाले, "मग स्वयंपाक कोण करतं?"

खरंच, करतो काय आम्ही? भाचीला अजून नीट सांगता आलेलं नाही. संपतराव रंगमंचावर बसून तांब्याच्या पत्र्याचं घंगाळ घडवतात, खरंखुरं, तांबट आळीत घडवतात तसंच. मी घुंगरांशिवाय त्या ठोक्यांवर पाय टाकते. आनंद दोन्ही आवाज लॅपटॉपमध्ये घेऊन त्यातून तिसरंच काहीतरी काढतो, आणि ऋतिका मागे चित्रं हलवते. चौघांपैकी एकालाही दुसऱ्याची विद्या येत नाही. दीड वर्ष झालं, चाललंय.

१७ फेब्रुवारी

आनंद हिंजवडीहून थेट तालमीला आला, गळ्यात ऑफिसचा पट्टा तसाच. येताना आलेख घेऊन आला. गेल्या आठ प्रयोगांचा. तांबडी रेघ हातोडीची, निळी माझ्या पायांची. दोन्ही एकमेकींना चिकटून वर वर चढतायत. "ताई, संक्रांतीनंतर प्रत्येक प्रयोगात थोडा थोडा वेग वाढलाय. एकदम नाही, म्हणून स्टेजवर कळत नाही."

विचारलं, वाढवतंय कोण? म्हणाला, "ते नाही सांगता येत. दोघं इतके एकत्र चढताय की पुढे कोण, मागे कोण, दिसतच नाही."

आनंदला दिसत नसेल. मला शंका नाही. माझी लय पक्की आहे, चौतीस वर्षं झाली. आमच्या बाई म्हणायच्या, घड्याळ बिघडलं तर मंदाच्या पायांवर लावून घ्या. आणि संपतरावांनी आयुष्यभर भांडी घडवलीत, प्रयोग नाही. माणूस काम उरकायलाच बघणार.

१८ फेब्रुवारी

बोलले त्यांच्याशी. नीट, समोर बसून. "संपतराव, लय वाढतेय. जरा सांभाळाल का?" मान हलवली. "बरं." एवढंच. त्यांचं सगळं बरंच असतं. नंतर निघताना मागून दोनदा हाक मारली तर वळलेसुद्धा नाहीत. तोरा बघा.

२५ फेब्रुवारी

आनंदने संपतरावांच्या कानात इयरफोन घातला. आत टकटक वाजते, तिच्यावर ठोके द्यायचे, म्हणजे प्रश्न मिटला. तालीम झाली. एकवीस मिनिटं. आनंद डोक्याला हात लावून बसला. मग आवराआवर करताना ऋतिकाला दिसलं, इयरफोनची वायर मशीनला लावलेलीच नाही! पूर्ण तालीमभर मुका इयरफोन कानात घालून बसले होते, आणि चकार शब्द नाही. विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं असंच असतं."

हसू आलं, पण मनातून संताप झाला. आता बंगळूरला काय होणार? महोत्सवात चोवीस मार्चला प्रयोग आहे. आमच्या मागोमाग दुसरे लोक. आयोजकांना चोवीस मिनिटं म्हणजे चोवीस हवीत, आणि मला बंगळूर हवंय. चव्वेचाळिसाव्या वर्षी कथकवालीला असं बोलावणं परत येत नसतं.

६ मार्च

डॉक्टर. गुडघ्यातली गादी झिजलीय म्हणे. सहा महिने नाच बंद, मग बघू. मी म्हटलं, चोवीस मार्चनंतर. ते म्हणाले, "गुडघा तुमचा आहे." पुण्यातले डॉक्टर.

कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. आनंदला कळलं तर तो लगेच बंगळूरला मेल टाकेल.

१० मार्च

आनंदच म्हणाला. "ताई, श्रावणातलं रेकॉर्डिंग आहे आपल्याकडे. काकांचे ठोके, बरोब्बर चोवीस मिनिटं. ते वाजवू. काकांना..." ऋतिका म्हणाली, "मग घंगाळाचं काय? रिकामी जागा ठेवायची?" दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी हो म्हटलं.

११ मार्च

कसब्यात जाऊन सांगितलं. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. गल्लीभर ठणठणाट, शब्द शब्द ओरडून बोलावा लागला, त्यामुळे जे हळू सांगायचं ते सगळ्या आळीला ऐकू गेलं असणार. बंगळूरला तुम्ही नको. रेकॉर्डिंग वाजवतोय. संपतरावांनी मान हलवली. "बरं." मग प्रयोगातलं घंगाळ कोपऱ्यातून काढून माझ्या हातात दिलं. अर्धवट होतं. म्हणाले, "नाचताना समोर ठेवा."

रिक्षात मी ते घंगाळ मांडीवर घेऊन बसले. लाज वाटली.

१७ मार्च, शनिवार

रेकॉर्डिंगवर पहिली तालीम. अर्धवट घंगाळ समोर ठेवलेलं, मागे कोणी नाही.

सहाव्या मिनिटाला मी ठोक्याच्या पुढे गेले. थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा पुढे. म्हटलं, "आनंद, आवाज उशिरा येतोय का स्पीकरमधून?" तो लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होता. "नाही, ताई." फार हळू म्हणाला. पुन्हा केलं. चौथ्यांदा ऋतिकाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

तांबडी रेघ आडवी, सरळ. निळी तिच्यापासून सुटून वर निघालेली. एकटीच.

मीच. पहिल्यापासून मीच. दुखणं सुरू व्हायच्या आत संपवायचं म्हणून पाय पळत होते आणि मला कळत नव्हतं. चौतीस वर्षांच्या लयीचा एवढा गर्व, आणि त्या माणसाला त्याच्या दारात जाऊन काढून आले.

१८ मार्च

तांबट आळी. दारातून हाक मारली. ते पाठमोरे, काम चालू. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई आतून म्हणाल्या, "पुढं जाऊन उभ्या राहा, ताई. पंधरा वर्षं झाली त्यांचे कान जाऊन. आळीत निम्म्यांचं तेच. तुम्हाला बोलले नाहीत?"

पुढे गेले. सगळं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि दीड वर्ष असेच बघत आले होते. विचारलं, मग तुम्ही ठोके देता कशावर?

"तुमच्या पायांवर. आणखी काय आहे मला?" हातोडी खाली ठेवली. "उजवा संक्रांतीपासून दुखतोय ना? तुम्ही भरभर आवरायला लागलात. म्हटलं, सोसत नाही बाईंना. मग मीपण हात चटचट उचलला."

स्वतःखालचा पाट काढून माझ्याकडे सरकवला. "बंगळूर कुठं पळून जात नाही. बसा आधी. पाय लांब करा."