उबेच्या कपाटातलं दही

अंधेरी, सोमवार, १० जानेवारी १९५५

डोकं अजून ठणकतंय. सकाळी लॅबमधलं उबेचं कपाट उघडलं, तर विषमज्वराचे जंतू वाढवायला ठेवलेल्या नळ्यांना खेटून दह्याचा सट! वर निळ्या काठाची बशी.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा सामंत हसत म्हणाला, "अगं, थंडीत घरी दही लागत नाही. इथे बघ कसं झकास लागतं! आणि वर बशी आहे ना?"

बशी! एम.एस्सी. झालेला माणूस हा. जंतू काय बशीला घाबरतात?

सट उचलून तडक साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "बाई, किती कटकट कराल? शुक्रवारी आपण सगळ्यांनीच खाल्लं. पडलं का कोणी आजारी?"

विषमज्वर काय दुसऱ्या दिवशी चढतो? आणि सगळ्यांनी म्हणजे... शुक्रवारची ती काकडीची कोशिंबीर. मी तर दोनदा वाढून घेतली होती.

त्या कपाटावर धोक्याची सूचना लावा म्हणून मी दिवाळीपासून ओरडतेय. संध्याकाळी निघताना पाहिलं, सट परत नळ्यांशेजारी. आणि सूचनाही लागलेली, लाल शाईत, त्या बशीवर:

"हात लावू नये. दही हलतं."