घरी सांगितले

दिनांक १५ जानेवारी २०२३, रविवार, संक्रांत. त्या सकाळी मी माझ्या घराच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. मांडीवर आमच्या हातभार सेवा मंडळाची निरोपाची वही होती. तीत पुंजाराम गेणू धावडे यांच्या नावापुढे मी "घरी सांगितले" असे लिहिले, वेळ पावणेनऊ घातली आणि सही केली. मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. ही गोष्ट सर्वांत आधी लिहिली, कारण पुढची कलमे वाचण्यापूर्वी लिहिणारा कसा माणूस आहे ते वाचणाऱ्याला कळलेले बरे.

तो लिहिणारा मी, रंगनाथ तुळशीराम लगड, वय ४९, धंदा मोटार वाइंडिंग व थोडी शेती, राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर. येत्या गुरुवारी पुण्याला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिही म्हणून कोणी मागे लागलेले नाही. उलट पत्नी रुपाली हिने "आत्ताच कशाला" म्हणत दोनदा कागद उचलून फळीवर ठेवले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, घरामागची सतरा गुंठे जमीन आणि पोस्टातली शिल्लक माझ्या पश्चात रुपालीची. तिने ती ठेवावी, विकावी, कोणाला विचारत बसू नये. तिच्यानंतर जे राहील ते मुलगी निकिता हिचे.

कलम २. दुकानातले वाइंडिंग मशीन, पुलर, मीटर, सगळी पक्कड-पाने आणि तांब्याच्या तारेची रिळे निकिताला. पोरगी मोटारी उघडत बसणार का, असे भाऊबंद विचारतील. तिने भरलेली एकही मोटार आजवर जळून परत आलेली नाही. माझ्या तीन आल्या.

कलम ३. चुलतभाऊ रविराज याने चार वर्षांपूर्वी नेलेली लोखंडी शिडी परत मागू नये. तो "नेलीच नाही" म्हणेल, आणि मग त्याला ते आयुष्यभर म्हणत राहावे लागेल. ते किती जड जाते हे मला माहीत आहे.

कलम ४. निरोपाच्या अकरा वह्या मंडळाला परत कराव्यात. मी अकरा वर्षे सचिव होतो. मंडळाचे चौतीस सभासद आहेत. मंडळाची एक जुनी व्हॅन आहे. गावातल्या आजारी माणसांना दवाखान्यात न्यायला सभासद पाळीपाळीने ती चालवतात. मला गाडी येत नाही, म्हणून मी निरोप्या झालो. पाळीचा निरोप सचिवाने घरोघर नेऊन द्यायचा, सभासदाने वहीत सही करायची. तो नसेल तर घरच्या माणसाला सांगायचे आणि "घरी सांगितले" लिहायचे. आमच्या मंडळात हे दोन शब्द सहीइतकेच पक्के धरतात.

पुढच्या सचिवाने तीन गोष्टी कराव्यात. मोबाईलच्या ग्रुपवर निरोप टाकून गप्प बसू नये. तीस जण हात जोडलेले चित्र टाकतात आणि दुसरा कोणीतरी जाईल असे प्रत्येक जण धरून चालतो. दुसरे, प्रत्येक सभासदाला काहीतरी काम द्यावे, मग ते सतरंजी झटकण्याचे का असेना. ज्याला नुसतीच माहिती मिळते, कोणी काही मागत नाही, तो तिसऱ्या सभेला येत नाही. तिसरे, "घरी" असे लिहू नये. कोणाला सांगितले आणि ते माणूस उलट काय बोलले, ते लिहावे. न गेलेल्या माणसाला ते लिहिता येणार नाही.

कलम ५. आता त्या नोंदीबद्दल. संक्रांतीच्या आधीच्या सभेत पुंजारामकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "सचिव, वही घिऊन गावभर हिंडता, लगीन हाय का घरात?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागले. आठच दिवसांनी त्यांच्या पाळीचा निरोप द्यायचा होता, आणि तो दिवस नेमका संक्रांतीचा. गेलो तर त्यांच्या हातावर तीळगूळ ठेवावा लागणार, गोड बोला म्हणावे लागणार. मनात कढ असताना तोंडाने गोड म्हणणे म्हणजे देवाशी खोटेपणा, असे मला वाटले. म्हणून मी गेलो नाही आणि वहीत खोटे लिहिले. उद्या सांगू, असे मनाशी म्हटले. सोमवारी दुकानात चार मोटारी आल्या आणि मी विसरलो.

मंगळवारी, म्हणजे त्यांच्या पाळीच्या दिवशी, गावातल्या झुंबरबाईंना डायलिसिससाठी दौंडला न्यायचे होते. आठ वाजता त्यांच्या मुलीचा, सविताताईंचा फोन आला. "रंगनाथभाऊ, आई सहापास्नं पिशवी घिऊन ओट्यावर बसलीय. गाडी कुठंय?" मी म्हणालो, निघाली असेल. तेव्हा पुंजारामकाका भिंगारला लेकीकडे होते आणि व्हॅनची चावी मागच्या फेरीपासून त्यांच्याच खिशात होती. दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार झाली, तिथला नंबर गेला, उद्या या म्हणाले. बुधवारी पहाटे झुंबरबाईंना दम लागला आणि दौंड यायच्या आत त्या गेल्या.

तेराव्यानंतर सभा झाली. आमचे अध्यक्ष नृसिंह देशपांडे गुरुजी यांनी वही उघडून वाचले, "धावडे. घरी सांगितले. पावणेनऊ." पुंजारामकाका म्हणाले, "घरी म्हंजे कुनाला? हिला?" त्यांच्या पत्नी छबूबाई यांना बोलावून घेतले. त्या आधी म्हणाल्या, "मला न्हाई कुनी सांगितलं." गुरुजींनी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी माझी सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. "तवा लाडू वळीत हुते मी," त्या हळू बोलल्या. "आला आसंल रंगनाथ. त्यो कशाला खोटं लिहील? माझ्याच ध्यानातनं गेलं आसंल."

मी चार हातांवर बसलो होतो. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता.

पुंजारामकाकांनी मंडळ सोडले. पण मला त्यांच्यापेक्षा छबूकाकू जास्त दिसतात. त्या कोणाचाही निरोप तोंडी घेत नाहीत. दारात कोणी आले की म्हणतात, "लिहून द्या, माझं डोकं ऱ्हात न्हाई." गॅस बंद केला का ते पाहायला तीनदा परत जातात. घरच्यांनी नगरला नेऊन विसराळूपणाच्या गोळ्या सुरू केल्या. मंगळवारी त्या उपास धरतात. कोणता विचारले तर "झुंबरचा" म्हणतात. एक धडधाकट बाई, माझ्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून, आपल्या हातून एक जीव गेला असे समजून जगते आहे. मी रोज सकाळी भैरवनाथाच्या देवळात दिवा लावतो. जवळपास तीन वर्षे मी त्याच्याकडे सगळे मागितले, फक्त हे सांगायचे बळ मागितले नाही. मागितले असते तर त्याने दिले असते, याचीच भीती होती.

कलम ६. या जागी मी असे लिहिले होते, की माझ्या मृत्यूनंतर कलम ५ मंडळाच्या सभेत वाचून दाखवावे. गुरुवारी रुपालीने ते वाचले. तिला आजवर यातले काही माहीत नव्हते. तिने कागद खाली ठेवला आणि विचारले,

"आणि छबूकाकू तुमच्या आधी गेल्या तर?"

मी म्हणालो, ऑपरेशन होऊ दे, मग बघू.

"तुम्हाला मेल्यावर खरं बोलायचंय," ती म्हणाली. "म्हंजे कोणी तोंडावर थुंकायला नको."

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वाढायची आणि आत जायची. मी जेवत नव्हतो, तरी विचारायची नाही. ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही तर काय, या विचाराने मला धरणीवर पाठ टेकवेना. मरणाचे भय एवढे नव्हते. त्या बाईला तसेच ठेवून जाण्याचे होते. कलम ६ रद्द केले आहे.

कलम ७. आज सकाळी आठ वाजता मी धावडे यांच्या घरी गेलो. सविताताईंकडे आणि सभेत नंतर गेलो. सविताताईंनी ऐकून घेतले आणि दार लावले. सभेत मी सचिवपद सोडले; तिथे काय झाले ते गुरुजींनी लिहून घेतले आहे. धावड्यांच्या ओट्यावर वही नव्हती, म्हणून तिथले मी लिहितो.

काकू शेंगा फोडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "काय आसंल ते कागदावर दे बाबा."

"निरोप नाही काकू. तुम्ही विसरला नव्हता. त्या संक्रांतीला मी तुमच्याकडे आलोच नव्हतो."

"लाडू वळीत हुते मी."

"हो. पण मी आलो नव्हतो. वहीत खोटं लिहिलं."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला ठेवले. मग हाक मारली, "आवं, हिकडं या." पुंजारामकाका खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले.

"ह्यो काय म्हनतो ते ऐका," काकू म्हणाल्या. "आन् त्या नगरच्या गोळ्या कुटं टाकायच्या ते सांगा."

मी पुन्हा सगळे सांगितले. काका उभे होते ते काकूंच्या शेजारी पायरीवर खाली बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"तीन वर्सं म्या हिला चारचौघांत येडी म्हनलो," ते म्हणाले. मग म्हणाले, "रंगनाथ, तू जा आता."

मी माफी मागितली नाही. तो निरोप घेण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते. मी आलो. माझ्या पश्चात सांगायचे म्हणून आता काही शिल्लक नाही.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्या समोर सही केली.

(सही) रंगनाथ तुळशीराम लगड

साक्षीदार:
१. (सही) नृसिंह वामन देशपांडे, सेवानिवृत्त शिक्षक, राहणार काष्टी
२. (सही) करण पोपट शेलार, शेजारी, राहणार काष्टी

स्थळ: काष्टी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार