आईची पाटी

बाई, मी त्या मुलीचं मनगट धरून ओल्या फडक्याने तिच्या बोटांतली माती पुसत होते, आणि तुम्ही दारात आलात. हातात चिंचोक्यांची पिशवी. तुम्ही विचारलंत, "कशाला पुसतेस?" मी म्हटलं, "लिहायचंय तिला." "काय?" "ग. गाईचा ग." तुम्ही खाली बघितलंत. पोत्यावर तिने नुकतीच केलेली मातीची गाय होती. चार पाय, पोटाशी आचळं, शिंग एकच, कारण दुसऱ्याला माती उरली नव्हती. "आचळं केलीत बघ," तुम्ही म्हणालात. "कुणी सांगितलं नव्हतं." मग तुम्ही मुलीपुढे मातीचा आणखी एक गोळा ठेवलात, पिशवी खुंटीला अडकवलीत आणि आत गेलात. एवढंच. मी मनगट सोडलं. मुलगी दुसऱ्या शिंगाला लागली, आणि मी ते फडकं पिळत तिथंच बसून राहिले. माझं बरोबर आहे असं मला तेव्हा वाटत होतं. आणखी आठवडाभर तरी वाटत होतं.

पाऊस न झाल्याचं ते दुसरं वर्ष. काष्टीपासून अडीच मैलांवरचं गाव, चावडीशेजारची खोली, दोन बाया आणि वीस-बावीस मुलं. तुम्ही थोरल्या बाई, मी धाकली. माझं वय वीस. नगरला राहून मी बालवाडीचं शिक्षण पुरं केलं होतं आणि सगळं एका वहीत टिपून आणलं होतं, आकृत्यांसकट. तुमच्याकडे वही नव्हती. माझ्या वहीत पाणी ओतायचा खेळ होता: एका भांड्यातून दुसऱ्यात, न सांडता. पहिल्याच दिवशी मी तो तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही हसला नाहीत. गावात पाणी टँकरने येत होतं आणि मी मुलांना ते ओतायला सांगणार होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही कोरड्या ओढ्यातून दोन पाट्या वाळू आणवलीत, ती चाळलीत, आणि मुलांच्या हातात तांबे दिलेत. वाळू तांब्यातून पेल्यात, पेल्यातून वाटीत. सांडली की गोळा करून पुन्हा. "वाळूला हे बरं," तुम्ही म्हणालात, "पोरावर ओरडावं लागत नाही." रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीतले खडे मुलं वेचत. चिंचोक्यांच्या रांगा लावत. तुमच्या मालकांचा जुना सदरा तुम्ही फळीवर ठोकला होता आणि मुलं त्याची गुंडी काढत नि लावत बसत. मी आता म्हातारी आहे, तरी सदऱ्याची गुंडी लावताना जीभ बाहेर काढणारं लहान मूल दिसलं की मला ती फळी दिसते.

पण लोकांना ते पटत नव्हतं. एक आजोबा नातवाला सोडायला येत. एकदा ते दारातच काठी टेकून उभे राहिले. "थोरल्या बाई, माती तर आमच्या परड्यातबी लई हाय. तेवढ्यासाठी पोरगं हितं कशापायी धाडायचं?"

"तुमच्या परड्यात त्याला कुणी विचारतं का, हे काय केलंस म्हणून?"

"इचारायला येळ कुनाला हाय?"

"म्हणून इकडं धाडायचं."

आजोबा हसले. "तुमच्याम्होरं बोलायची सोय न्हाई," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून नातू आला नाही. त्या महिन्यात असे चौघे गेले. पाणवठ्यावर बायका मला विचारत, "धाकल्या बाई, पोरं लिवाया कवा लागनार?" मी मान खाली घालायची. मग तालुक्याहून कागद आला की पट घसरतो आहे, सोमवारी मुख्यसेविका येऊन बघतील आणि बालवाडी ठेवायची की नाही ते ठरेल. तुम्ही तो कागद दोनदा वाचलात आणि घडी करून चिंचोक्यांच्या पिशवीत टाकलात. मी विचारलं, आता काय करायचं? तुम्ही म्हणालात, "रोज करतो ते."

शनिवारी तुम्ही मुलांच्या सुकडीची पोती आणायला श्रीगोंद्याला गेलात. खोलीत मी एकटी. मुलं घरी जायला निघाली तेव्हा मी त्यांना उभं केलं आणि सांगितलं, "सोमवारी सगळ्यांनी पाटी आणायची. विसरायचं नाही." एक जण म्हणाला, "आमच्याकडं न्हाई." मी म्हटलं, "घरात कुणाची असेल ती आण." तेव्हा ती गाईवाली मुलगी पुढं आली. तिने विचारलं, "आईची चालंल?" मी म्हटलं, "चालेल."

बाई, त्या गावात कुठल्या आईकडे लिहायची पाटी होती? मी त्याच बायकांबरोबर सहा महिने पाणी भरत होते. रोज सकाळी त्यांना डोक्यावर पाट्या घेऊन पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जाताना बघत होते. शब्द तोच. तरी 'चालेल' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे काळा दगड आणि लाकडी चौकट होती. मला बालवाडी वाचवायची होती हे खरं. पण मुख्यसेविकांनी विचारावं, 'यांना लिहायला कुणी शिकवलं?' आणि मी पुढं व्हावं, हेही मनात होतं. शनिवारी रात्री मी तो प्रसंग दोन-तीनदा घोळवला. त्यात तुम्ही कुठेच नव्हता.

सोमवारी मी लवकर येऊन खोली झाडली आणि दारात उभी राहिले. पहिला मुलगा वळणावरून येताना दिसला. त्याचं डोकं दिसत नव्हतं. डोक्याच्या जागी माती वाहायची पाटी पालथी, खाली दोन पाय. मागून गाईवाली, पाटी फरफटत. एका बहिणीने धाकट्या भावाला पाटीत बसवून ओढत आणलं होतं. सात पाट्या मी मोजल्या. काहींच्या तळाला कालची माती वाळून चिकटली होती. मुलं फार खूश होती. "आनली, बाई!" "मीबी आनली!" "आमची मोठी हाय!" तुम्ही माझ्या मागे येऊन उभ्या राहिलात. तोवर आया आल्या. निघताना पाट्या जागेवर नव्हत्या, मुलांनी नेल्या असतील म्हणत त्या तशाच कामावर गेल्या होत्या. पाटी नाही तर हजेरी नाही, म्हणून मुकादमाने सगळ्यांना परत पाठवलं होतं. सात जणी उन्हातून धावत आलेल्या.

"कुनी सांगितलं वं पाट्या आनाया?"

"शाळा हाय का काय हाय ही! आता पाट्याबी मातीत खेळाया पायजेत?"

"आदीच पोरं मातीत लोळवत्याती. आता आमची हजेरीबी बुडवा!"

"न्हाई धाडायची उद्यापासनं. लई झालं."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही सांभाळून घ्याल असं मला वाटलं. तुम्ही म्हणालात, "सांग त्यांना." मी म्हटलं, "मी सांगितलं. मला लिहायची पाटी म्हणायचं होतं." क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग गाईवालीची आई म्हणाली, "लिवायची पाटी? अगं बया! आमच्या घरात लिवायची पाटी कुठली आली वो, धाकल्या बाई? माज्या सासऱ्याच्या सासऱ्यानं तरी बगितली हुती का!" एक जण फसकन हसली. मग दुसरी. पण त्यांचं हसणं फार टिकलं नाही, ऊन चढत होतं. तुम्ही मला म्हणालात, "मुलं चुकली नाहीत. तू म्हणालीस ते त्यांनी आणलं. आता यांच्याबरोबर जा आणि मुकादमाला सांग चूक कुणाची ते." मी म्हटलं, "आज मुख्यसेविका येणार आहेत." तुम्ही म्हणालात, "माहीत आहे मला."

तुमचं मला बोलणं ते एवढंच. नंतरही कधी नाही.

कामावर मी मुकादमाला सगळं सांगितलं. त्याला ते फार आवडलं. त्याने दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "बाई, हजेरी लावतो, पन मजुरी खड्ड्याच्या मापावर, ते कमी भरलं तर मी काय करू? दोन तास गेलं यांचं." मी म्हटलं, "मी माती वाहते." बायका हसल्या. "तुमी?" "व्हय, वाहू द्या की! पाट्या त्यांनीच मागितल्या!" मी पाटी उचलली आणि ती डोक्यावर जायच्या आधीच कलली. माती खांद्यावरून पोलक्यात गेली. गाईवालीच्या आईने माझ्या हातातून पाटी काढून घेतली. म्हणाली, "असं न्हवं. आदी चुंबळ करा." तिने एक फडकं पिळलं, गोल केलं, टोक आत खोचलं, माझ्या डोक्यावर ठेवून दाबलं. मग पुन्हा काढून माझ्या हातात दिलं. "आता तुमी करा." माझी चुंबळ उलगडली. "परत." पुन्हा उलगडली. "टोक आत, आत घाला. हां." तिसऱ्यांदा ती टिकली. तिने पाटी अर्धीच भरली. "मान ताठ. खाली बगू नका, पायाला कळतं." माझ्या वहीत हे होतं, बाई, जवळजवळ याच क्रमाने: आधी करून दाखवावे, मग मुलाच्या हातात द्यावे, चुकल्यास पुन्हा करू द्यावे, भार कमी ठेवावा. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं. भरावापर्यंत चालत गेले, रिकामी होऊन आले. पाचव्या-सहाव्या फेरीला पायांना खरंच कळायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "जमलं की वं धाकल्या बाईला!" आणि एवढी शाबासकी मला नगरला प्रमाणपत्र मिळाल्यावरही कुणी दिली नव्हती.

दुपारी परत आले तेव्हा मुख्यसेविका येऊन गेल्या होत्या. पोत्यावर मुलांनी केलेल्या मातीच्या पाट्या वाळत होत्या, बारा-तेरा, काहींच्या आत खरीखुरी चिमूटभर माती. तुम्ही सांगितलंत की त्यांनी विचारलं, हे काय, आणि मुलं एका सुरात म्हणाली, पाटी. त्या हसल्या, बराच वेळ बसल्या, एका मुलाने त्यांच्याकडून वाळू ओतवून घेतली. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. "महिनाभर थांबू म्हणाल्या. पट वाढला तर ठेवू. कमी झाला तर बंद." त्या सात जणी सकाळी काय म्हणून गेल्या होत्या ते आपल्या दोघींनाही आठवत होतं. तुम्ही माझे हात उलटे करून बघितलेत. "फोड आले तर फोडू नकोस," म्हणालात, आणि पाट्या सावलीत सरकवायला लागलात.

पुढं मी पुष्कळ वर्षं बालवाडीच्या बायकांना शिकवलं. पाट्यांची ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगितली. पाटी पालथी घालून चालणारा मुलगा आला की वर्ग हसतोच. मुलं ऐकलेल्या शब्दाला आपल्या घरातली वस्तू जोडतात, असं मी त्यावर सांगायची, आणि बायका ते वहीत उतरवून घ्यायच्या. तुम्ही श्रीगोंद्याला गेल्या होतात, मी ते तुमच्या माघारी केलं, हे मी कधी सांगितलं नाही. पण हे तुम्हाला ठाऊकच होतं. जे तुम्हाला ठाऊक नव्हतं, ते वेगळं आहे, आणि त्यासाठी मी आज हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. हे कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही. वहीतच राहील.

कामावर पाण्याची दोन मडकी होती. एक बाभळीच्या सावलीत, एक जरा पलीकडं, उन्हात. का ते तुम्हाला सांगायला नको. गाईवाली बौद्ध वस्तीतली. तिची आई माती टाकून आली, पलीकडच्या मडक्यातून तांब्या भरला, स्वतः प्यायली, आणि मी धापा टाकत उभी होते ते बघून तांब्या पुन्हा भरला. म्हणाली, "आमचं पानी चालंल का, धाकल्या बाई?" मी प्यायले. संध्याकाळी मी तुम्हाला तसं सांगितलं, "मी लगेच प्यायले." तुम्ही मान हलवलीत. बाई, लगेच नाही. मी तांब्या हातात घेतला, आणि बाभळीखाली कोण बसलंय ते आधी बघितलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, पण तिने तो बघितला, कारण तिचे डोळे माझ्या तोंडाकडे होते. मग मी प्यायले. तिने रिकामा तांब्या घेतला आणि पाटी उचलून चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी ती आली. हाताला मुलगी होती, आणि मागे त्यांच्या वस्तीतली आणखी तीन मुलं, आजवर दिवसभर कामाच्या जागी धुळीत बसून असायची ती. मी पोत्यावर जागा केली आणि तिघांची नावं पटावर लिहून घेतली.