धाकट्या भावाला काहीही न ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पूर्वीचा घड्याळजी, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी तारीख विचारली, मी वार आणि मिनिटासकट सांगितली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात माणूस लागते, आणि माझी पत्नी जाऊन अकरा वर्षे झाली.

कलम १. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या व गॅलरी, आणि बँकेत जे असेल ते माझ्या पुतणीला द्यावे. ही धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. तिच्या वडिलांचे आणि माझे तेवीस वर्षे बोलणे नाही, तरी दर वाढदिवसाला तिचा फोन येतो. "काका, जेवलात का?" एवढेच विचारते, पण उत्तर ऐकून घेते. गॅलरीचे दार दमट हवेत फुगते. ते ओढू नये, उचलून ढकलावे.

कलम २. दुकानातले चिमटे, बारीक पेचकस आणि डोळ्याला लावायचे भिंग, माझे दुकान भाड्याने घेऊन तिथे मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाईंना द्यावे. आता घड्याळे कोण दुरुस्त करून घेतो, असे त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या आणि मला ते झोंबले होते. पण त्यांचा हात हलका आहे. मी दुपारी कोपऱ्यात स्टूल टाकून बसलो तर त्या कधी हाकलत नाहीत, आणि फोनवर फोटो कसा चढवायचा हे त्यांनीच मला न कंटाळता शिकवले.

कलम ३. कपाटातल्या आणि पलंगाखालच्या सर्व रहस्यकथा, एकूण अकराशे सेहेचाळीस, कोपऱ्यावरच्या वाचनालयाला द्याव्यात. मी प्रत्येक पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचतो. खुनी कोण हे एकदा कळले की मग निवांत वाचता येते. पत्नी म्हणायची, "तुम्हाला धीर नाही असं नाही, तुम्हाला फसायची भीती वाटते." तिचे म्हणणे बरोबर होते. याच वाचनालयातल्या पुस्तकांत पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणारा इसम म्हणजे तिथे रोज येणारे निवृत्त दंतवैद्य, अशी माझी पक्की खात्री आहे. पुरावा नाही. त्यांना माझ्या टेबलाच्या खणातले मोठे खोडरबर द्यावे. ते का दिले हे त्यांना विचारू द्यावे आणि सांगू नये.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

मी एकोणीस वर्षे मोटार रॅलीत वेळनोंदीच्या टेबलावर बसलो. ही वेगाची शर्यत नव्हे. प्रत्येक गाडीने प्रत्येक चौकीवर ठरल्या मिनिटाला यायचे असते. उशिरा आली तर दंड, आणि लवकर आली तर दुप्पट दंड. टेबलावरचा माणूस आपल्या घड्याळात बघून गाडीच्या कार्डावर वेळ लिहितो आणि सही करतो. पैसा मिळत नाही, धूळ मिळते. पत्नी याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायची. मी मात्र आठवडाभर आधी टोपी धुऊन ठेवायचो. माझ्या आयुष्यात मला कोणी वाट बघून भेटले असेल तर ते त्या टेबलाशी.

माझा धाकटा भाऊ त्या रॅलीत गाडी चालवायचा, आणि चांगली चालवायचा. तेवीस वर्षांपूर्वी शेवटच्या चौकीपर्यंत तो पहिला होता. तिथे टेबलावर मी होतो. तो आला, मी वेळ लिहिली, एक मिनिट लवकर. तो म्हणाला, "दादा, माझं घड्याळ बघ." मी मान वर न करता म्हणालो, "टेबलावरचं घड्याळ तेच खरं." त्याने कार्ड घेतले आणि गेला. चषक गेला, पुढच्या हंगामासाठी मिळणारी गाडीही दुसऱ्याला गेली. त्यानंतर तो रॅलीत उतरला नाही. आज तो शिकाऊ लोकांना क्लच हळू सोडायला शिकवतो.

आता जे कोणालाच सांगितलेले नाही ते लिहितो. दुपारी, बऱ्याच गाड्या येऊन गेल्यावर, टेबलावरचे घड्याळ बंद पडले होते. मी सेल बदलला आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळावरून वेळ लावली. नियमाने ती मुख्य घड्याळावरून लावायला हवी होती. पण गावची घड्याळे दुरुस्त करणारा मी, माझ्या घड्याळावर शंका कोणी घ्यायची? संध्याकाळी घड्याळे जमा करताना टेबलावरचे माझे घड्याळ मुख्य घड्याळाशेजारी ठेवून पाहिले. माझे चौपन्न सेकंद मागे होते. भाऊ वेळेवर आला होता. मी घड्याळ पिशवीत घातले आणि गप्प बसलो. घड्याळजीचेच घड्याळ मागे, हे उद्या दुकानात ऐकावे लागेल, एवढ्याच भीतीने मी गप्प बसलो.

पुढचे दोन रविवार भाऊ घरी आला. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलला, बराच वेळ नुसता बसला आणि गेला. मला वाटले, राग निवळला. तिसऱ्या रविवारी आला नाही, आणि नंतर कधीच आला नाही.

कलम ५. समाजमाध्यमांवर माझी दोन खाती आहेत. एकावर मी रॅलीचे जुने फोटो टाकतो. तिथे चारशे बारा लोक आहेत आणि त्यांतल्या एकाचाही आवाज मी ऐकलेला नाही. सकाळी उठल्यावर कोणी अंगठा दिला का ते आधी बघतो, चहा नंतर ठेवतो. मी एकटा आहे. हे वाक्य कायद्याचे नाही, पण खरे आहे. हे खाते बंद करावे.

दुसरे खाते रहस्यकथा वाचणाऱ्यांच्या गटातले, नाव 'शेवटचं पान'. सहा वर्षांपूर्वी त्या गटात 'धुरळा' नावाचा एक इसम आला. त्याने लावलेल्या फोटोतली गाडी मी कुठेही ओळखली असती. तो माझा भाऊ. मी कोण ते सांगितले नाही. आधी वाटले, चार दिवसांनी सांगू. मग आम्ही पुस्तकांवर बोलू लागलो, मग रोजच बोलू लागलो, आणि सांगणे अवघड होत गेले. त्याचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. तो कोणत्या पानावर खुनी ओळखतो हेही माहीत आहे, आणि तो बहुधा चुकतो. एकदा त्याने लिहिले, "मला एक मोठा भाऊ आहे. शिस्तीचा माणूस." मी त्याला अंगठा दिला. त्यापेक्षा लाजिरवाणे मी आयुष्यात काही केलेले नाही, त्या घड्याळाची गोष्ट धरूनसुद्धा.

कलम ६. धाकट्या भावाला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. वकीलबाईंनी हे वाचून पेन खाली ठेवले. सख्ख्या भावाला एखादी वस्तू तरी ठेवा, लोक नावे ठेवतील, असे त्या म्हणाल्या. पण त्यांनीच आधी सांगितले होते की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. साक्षीदाराला मात्र घरी यावे लागते, समोर उभे राहावे लागते, मी सही करताना बघावे लागते. मला त्याला वस्तू द्यायची नाही. मला तो या खोलीत हवा आहे.

दोन साक्षीदार लागतात. एक, खालच्या मजल्यावरचे शिंपीमामा, कबूल झाले आहेत. दुसरा म्हणून वकीलबाईंनी भावाला पत्र धाडले. तो न आल्यास पर्याय नाही. पुतणी, दुकानातल्या बाई, सगळ्यांना मी काहीतरी दिले आहे. खोडरबरामुळे दंतवैद्यही बाद झाले. डॉक्टर आणि वकीलबाई फी घेऊन येतात, त्यांना मी धरत नाही. माझ्या ओळखीची माणसे इथेच संपतात.

कलम ७. आज रविवारी जोडलेले. मंगळवारी 'धुरळा'चा मला निरोप आला: "भावाच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला बोलावलंय. तेवीस वर्षांनी आठवण झाली ती सहीसाठी. तुम्ही शहाणे आहात, सांगा, जावं का?"

मी तीन उत्तरे लिहिली आणि तिन्ही पुसली. अवश्य जा असे 'शेवटचं पान'ने सांगितले असते तर तो आला असता. तेवीस वर्षे त्याला फसवले, त्यात आणखी एकदा. शेवटी लिहिले: "मी दादा आहे. सहा वर्षं मीच बोलतोय तुझ्याशी. तुझं घड्याळ बरोबर होतं. ये किंवा नको येऊस, पण हे माझ्याकडून ऐक." त्याने वाचल्याची खूण लगेच आली. उत्तर आले नाही.

वेळ चारची दिली होती. आता चार वाजून पंचवीस मिनिटे झाली आहेत. शिंपीमामा दोन चहा पिऊन बसले आहेत आणि जिन्याकडे बघायचे टाळत आहेत. ही माझी शेवटची इच्छा आहे. आधीची सर्व लिखाणे रद्द समजावीत.

सही: (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार पहिला, शिंपी, खालचा मजला: यांनी माझ्यादेखत सही केली.

साक्षीदार दुसरा, सख्खा धाकटा भाऊ: आधी सगळे वाचले, मग सही केली. माझ्या मागून आलेल्या दोन्ही गाड्याही त्या दिवशी एक मिनिट लवकर ठरल्या होत्या, तेव्हा घड्याळाचे मला त्याच संध्याकाळी समजले होते. तक्रार केली असती तर दादाला पुन्हा त्या टेबलावर बसू दिले नसते, म्हणून केली नाही. दोन रविवार तो स्वतः सांगेल म्हणून बसून राहिलो होतो. आज त्याने सही करताना कागद मी धरला.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर. तारीख: १९ जानेवारी, रविवार.